वरातीत अंतरा नसतो

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर रेल्वे, दुसरं आमचं चांदूर बाजार. चांदूर बिस्वा नावाचं तिसरं पलीकडे बुलढाण्यात, नांदुऱ्याच्या बाजूला आहे. पूर्वी हिशेब सोपा होता. गाडी पकडायची असेल त्यानं रेल्वेला जावं, सौदा करायचा असेल त्यानं बाजारला यावं. पुढे नरखेडच्या लाईनवर आम्हालाही स्टेशन मिळालं. चांदूर रेल्वेत बाजार तर आधीपासून भरतच होता. आता दोन्ही नावांत नुसती सवय उरली आहे, आणि ही सवय कुरिअरवाल्यांना अजून लागलेली नाही. माझ्या पुतण्यानं मागवलेलं बेडकाचं चित्र हे लिहिताना चांदूर रेल्वेत मुक्कामाला आहे. तिथून ते चांदूर बिस्व्याला जाणार नाही, एवढीच आशा.

पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. घरून काम करायची परवानगी मिळाली की तो इकडे येतो. काम लॅपटॉप करतो आणि हा डोक्याला हेडफोन लावून शोध लावतो. त्याचा शब्दच तो आहे. ‘काका, मी एक नवीन आर्टिस्ट डिस्कव्हर केला.’ आमच्या वेळी गाणं ऐकलं जायचं, फार तर कॅसेट आणली जायची. आता गाण्याचा शोध लागतो, आणि शोध लावणाऱ्याच्या चेहऱ्यावर भाव असा की आणखी चार जणांना ते कळलं तर शोध वाया गेला.

बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स नि स्टेशनरीचं दुकान आहे, शेजारी फ्लेक्सचं. त्यामुळे गावात कोणतीही नवीन गोष्ट आली की ती आधी आमच्या दोघांच्या काउंटरवर येते. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला उभ्या असलेल्या माणसाला वेळ असतो आणि मत असतं.

‘इंडी मंजे काय रे?’ मी विचारलं.

‘काका, इंडिपेंडंट. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः गायचं. कंपनीच्या भरोशावर नाही राहायचं.’

‘मंजे मोझरीवानी?’

पुतण्यानं हेडफोन काढले. मी तरी काय करू? यावलीचा पोरगा, हातात एक खंजेरी, भजन स्वतःचं, चाल स्वतःची, गळा स्वतःचा. मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला तोही स्वतःच, १९३५ साली. तुकडोजी महाराजांचं भजन इतकं चालायला लागलं की १९४२ साली इंग्रज सरकारनं त्यांना उचलून तुरुंगात घातलं. आजकाल पोरांचं अकाउंट दोन दिवस बंद झालं तर केवढा गहजब होतो. इथं माणसालाच बंद केलं होतं. बाहेर आल्यावर भजनं तीच, आणि १९५५ साली खंजेरी थेट जपानपर्यंत जाऊन आली.

तेवढ्यात झेरॉक्सवाल्या गिऱ्हाइकानं भर घातली, ‘आन् आपल्या माधानचे गुलाबराव महाराज? तान्हेपनीच डोये गेले, तरी स्वतःची येगळी भाषाच बनोली त्यायनं. हे पोट्टे काय बनोतीन?’

गुलाबराव महाराजांचं खरंच तसं होतं. १८८१ ते १९१५, उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि ग्रंथांची संख्या शंभराच्या वर. पण मला त्या गिऱ्हाइकाची नि माझी स्वतःचीही खोड आवडली नाही. गावात नवीन काही आलं की आम्ही लगेच त्याला जुनं काहीतरी आणून बांधतो, आणि बांधून झालं की ऐकायचं राहूनच जातं. आपल्याकडे हे आधीपासून होतं, असं म्हणणाऱ्या माणसानं आधीपासूनचं तरी कितीसं ऐकलेलं असतं? त्या गिऱ्हाइकाला महाराजांच्या एका ग्रंथाचं नाव विचारलं तर तो म्हणाला, ‘झेरॉक्सचे किती झाले?’

तेव्हा ठरवलं, ऐकायचं. पुतण्यानं दुकानाच्या स्पीकरला फोन जोडला आणि प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड मेस’ लावलं. हे गाणं बराक ओबामांनी आपल्या २०१९ सालच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत घातलं होतं. पोरगा दिल्लीचा, गाणं कुठल्या सिनेमातलं नाही, आणि गेलं थेट अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाच्या कानात. गाणं गोड आहे, मी नाही म्हणत नाही. गिटार हळूच वाजते, गाणारा त्याहून हळू गातो. आमच्या बसस्टँडवर मात्र हळू गाण्याचा अर्थ ठरलेला आहे. रस्त्यापलीकडचा चहावाला धुतलेले हात पुसत आला, आवाज खाली करून म्हणाला, ‘काहो, कोनी गेलं काय?’

पुतण्यानं त्याला ओबामांचं सांगितलं. चहावाला म्हणाला, ‘ओबामा गेले?’

त्या दिवसापासून त्या गाण्याचं नाव आमच्या रांगेत ‘ओबामावालं’ पडलं.

स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. आमच्या घरात ते पुतण्याच्या फोनबरोबर आलं आणि घरातल्या सगळ्यांत जास्त माझ्या आईला पटलं. माय पहाटे चारला उठते. नातू झोपलेला, फोन चार्जिंगला. त्यात हरिपाठ लागतो, काकडआरती लागते, शेगावच्या महाराजांची भजनं लागतात, आणि ती तुळशीला पाणी घालून, पाट्यावर चटणी वाटून, अंगण झाडून येईपर्यंत ते चालूच राहतं. डिसेंबरात हे अॅप वर्षभराचा हिशेब काढून देतं, कोणता कलाकार किती ऐकला त्याचा. पुण्यातले याचे मित्र त्या दिवशी एकमेकांना आपापल्या याद्या दाखवून लाजवतात. कोणाकडे आइसलँडचा बँड, कोणाकडे कोरियाचा. आमच्या संशोधकाच्या यादीत पहिल्या नंबरवर हरिपाठ आला, आणि अॅपनं त्याचं अभिनंदनही केलं. तो ती यादी कोणाला दाखवेना. माय म्हणाली, ‘काहून? माह्यं नाव लिहून टाकून दे ना त्याच्यावर.’

फोन एक आणि कान चार, ही आमच्याकडची खरी अडचण आहे. यंत्राला वाटतं की हा एकच माणूस आहे. तो पहाटे भजन ऐकतो, दुपारी संत्र्याचे भाव पाहतो, आंबिया बहाराची फळगळ कशी थांबवावी ते विचारतो आणि रात्री दिल्लीच्या पोरांचं दुःख ऐकतो. खरं सांगायचं तर चांदूर बाजारात असा माणूस असू शकतो. पण त्याला काय ऐकवावं हे यंत्राला कळत नाही. मग ते घाबरून फवारणीच्या पंपाची जाहिरात दाखवतं.

संत्र्यावरून आठवलं. ओबामावाल्या गाण्याला आमच्या तालुक्यात पहिला खरा उपयोग एका बागायतदाराच्या पोरानं शोधला. बागेत झाडाखाली हिरवी फळं गळून पडलेली, मोबाइल जमिनीसरसा फिरतोय, आणि मागे ते गाणं. शब्द कोणाला कळले नाहीत, कळायची गरजही पडली नाही. संत्रावाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. पुतण्या म्हणाला, गाण्याचा अर्थ हा नाहीये. मी म्हटलं, बाप्पा, तू एकदा फळगळ बघ, मग अर्थ सांग.

मायला आवडलेली एक गोष्ट मात्र निघाली. हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्ज’, साल २०२४. केरळातला, टेक्सासात वाढलेला रॅपर, आणि गाणं अमेरिकेच्या बिलबोर्डच्या हंड्रेडमध्ये जाऊन बसलं. पुतण्यानं ते आजीला दाखवलं ते धक्का द्यायच्या बेतानं. व्हिडिओत मौत का कुआँ आहे. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारी नि मोटारसायकली गरगरा फिरतात आणि खाली मधोमध उभा राहून तो रॅप करतो. मायनं चष्मा पुसला.

‘हे तं बहिरमले राह्यते.’

आमच्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते. डिसेंबर उतरताना सुरू होते ती जानेवारी संपत येईस्तोवर चालते. एवढी लांब यात्रा दुसरीकडे सहसा दिसत नाही. मातीच्या हंडीतलं मटण, रोडगे नि वांग्याची भाजी, आकाशपाळणे, आणि मौत का कुआँ. माय पुढे बोलत राहिली, ‘तुह्या आजोबानं दाखोला होता मले. तो गाडीवाला हात सोडून चालवे. आमी वरून नोट धरली का पटकन हातातून घेऊन जाय. पन असा मदात उभा राहून गाताना कोनी नाही पाह्यला. धडकला गिडकला तं? हा पोरगा लय हिंमतीचा हाये. लाव अजून एकडाव.’

तिनं ते तीनदा पाहिलं. रॅप तिला एका शब्दानंही कळला नाही, पण गाड्या पाहून तिनं त्यांच्या मेकॅनिकला शंभरपैकी शंभर दिले. मला यात पुतण्याची थोडी हार आणि खूप जीत दिसली. कारण नंतर आजीच त्याला विचारायला लागली, ‘काल तुवा काय शोधलं?’ त्यानं ‘वारली रिव्होल्ट’ ऐकवलं. मुंबईच्या स्वदेशी गटाचं, २०१९ सालचं, आरेच्या जंगलासाठी केलेलं, आणि त्यात आरेतलेच प्रकाश भोईर गायले आहेत. हे ऐकताना माय काही बोलली नाही, पण तांदूळ निवडणारा हात थांबला होता. पुतण्या जिथं हसू आणायला जातो तिथं धक्का बसतो आणि धक्का द्यायला जातो तिथं बहिरम निघतं.

आता चित्रांकडे. ते चांदूर रेल्वेत अडकलेलं बेडूक रोहन चक्रवर्तींचं आहे. माणूस आपल्या नागपूरचा, शिकून दातांचा डॉक्टर झालेला. नागझिऱ्याच्या जंगलात वाघीण पाहिली आणि दवाखान्यातलं लक्ष उडालं. वाघिणीचे दात पाहिल्यावर माणसांच्या दातांत काय राहतं म्हणा. २०१० पासून ‘ग्रीन ह्यूमर’ या नावानं ते जंगलातल्या प्राण्यांची व्यंगचित्रं काढतात. घुबड, बेडूक, माळढोक, सगळे आपापल्या तक्रारी सांगतात. अमेरिकेच्या मोठ्या सिंडिकेटनं ती मालिका घेतली. पुतण्यानं हे सगळं शेजारच्या फ्लेक्सवाल्याला अभिमानानं सांगितलं. फ्लेक्सवाला हळहळला.

‘डॉक्टरकी सोडून बेंडकं काढते? घरचे काही बोलले नाही त्याले?’

मग जरा विचार करून म्हणाला, ‘पन रेषा जोरदार हाये. कोरलमदे केलं काय?’

ही दाद होती. आमच्या फ्लेक्सवाल्याच्या जगात चित्रकलेचं देवघर कोरलड्रॉ, आणि अक्षरं श्रीलिपीची. कोणी मोबाइलवरून मराठी मजकूर पाठवला की त्याच्या कॉम्प्युटरवर तो कवटी, त्रिकोण आणि प्रश्नचिन्ह होऊन उतरतो. मग तो बिचारा सगळं पुन्हा टाईप करतो, आणि वऱ्हाडातला ‘ऱ्ह’ मात्र कोणत्याच फाँटात धड उभा राहत नाही. तरी त्याला रचना कळते. वर महापुरुष, त्यांचा क्रम चुकला तर रात्री फोन येतो. मध्ये ज्याचा वाढदिवस तो, कंबरेपर्यंत, हात जोडलेला किंवा मोबाइल कानाला. खाली शुभेच्छुक, त्यांच्या डोक्यांचा आकार त्यांनी दिलेल्या वर्गणीच्या प्रमाणात. एवढ्या तोंडांना एका चौकटीत बसवून कोणाचाच अपमान होऊ द्यायचा नाही, हे काम जे. जे. मध्ये शिकवत असतील असं वाटत नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये घिबलीची साथ आली. चॅटजीपीटीला फोटो द्यायचा, तो जपानच्या स्टुडिओ घिबलीच्या सिनेमातल्यासारखा रंगवून देतो. आठवडाभर गावातल्या प्रत्येक माणसाचे डोळे मोठे, गाल गुलाबी आणि मागे हिरवंगार रान. मार्चमध्ये, वऱ्हाडात, हिरवंगार रान! पुतण्याला फार राग आला. त्यानं फ्लेक्सवाल्याला सांगितलं, हायाओ मियाझाकींच्या ‘द विंड रायझेस’ या सिनेमात गर्दीचं एक चार सेकंदांचं दृश्य आहे, ते हातानं काढायला चित्रकाराला एक वर्ष तीन महिने लागले. फ्लेक्सवाल्यानं माऊस थांबवला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर मला परदेशी चित्रकाराबद्दल खरी काळजी दिसली.

‘सव्वा वर्स? आन् गिऱ्हाईक थांबलं?’

एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्यानं हौसेनं घिबलीत केला. नेता, शुभेच्छुक, सगळे. तयार झाल्यावर लक्षात आलं की सगळ्या शुभेच्छुकांचं तोंड एकच झालंय. दोघं जण एकाच फोटोवर बोट ठेवून ‘हा मी’ म्हणत होते. तिसरा म्हणाला, माह्या फोटोले मिशीच नाही, मी पैसे मिशीसकट देल्ले होते. नेता आला तेव्हा तर कहरच झाला. मोठे डोळे, मऊ गाल, दप्तर तेवढं राहिलं होतं पाठीवर. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘अबे, मत मागाचं सोड, मत देयाचंबी वय दिसत नाही माह्यं.’ फ्लेक्स रात्रीतून बदलला. जुना कोणाच्या तरी गोठ्यावर अंथरला आहे. म्हशीला सावली बरी मिळते.

हे सगळं झालं, पण गाण्याची खरी परीक्षा आमच्याकडे हेडफोनमध्ये होत नाही, ती संदलमध्ये होते. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. संदल म्हणजे आमच्या विदर्भातली मिरवणुकीची वाजंत्री. पुढे ढोल, ताशे, मध्ये गाडीवर पेटीएवढे नाही, कपाटाएवढे स्पीकर, जनरेटर, प्याड वाजवणारा एक, आणि सगळ्यांचा राजा कॅसिओवाला. कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, आमच्याकडे तो कॅसिओच. उरुसात तो वाजतो, गणपतीत वाजतो, आंबेडकर जयंतीला वाजतो, नवरदेवापुढे तर वाजतोच. गाणारा कोणी नसतो. गाण्याचे शब्द लोकांच्या डोक्यात असतात, चाल कॅसिओत.

या कॅसिओवाल्याचा एक नियम आहे. तो मुखडा वाजवतो, पुन्हा मुखडा वाजवतो, आणि नाचणाऱ्यांचा जोर उतरतोय असं वाटलं की दुसऱ्याच गाण्याच्या मुखड्यावर उडी मारतो. अंतऱ्यात तो कधीच शिरत नाही. अंतरा वाजला की नाचणारा पाणी प्यायला जातो आणि एकदा गेलेला नाचणारा परत येईलच असं नाही. जून २०२० मध्ये आपल्या देशात टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामनं रील आणलं, सुरुवातीला पंधरा सेकंदांचं. जगभरच्या शहाण्या माणसांनी तेव्हा लिहिलं की आता गाण्याचा नुसता तुकडा उरला, ऐकणाऱ्याचा धीर संपला. आमच्या कॅसिओवाल्याला हे वाचून दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, तुमाले आता समजलं?

नवीन गाणी पास होतात ती त्याच्याकडे. जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ साली आलं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या पडद्यावर त्याचं चित्र झळकलं, पण गावानं ते मानलं नाही. मानलं कधी? कॅसिओवाल्यानं करजगावच्या वरातीत पहिल्यांदा त्याचा मुखडा धरला आणि नवरदेवाच्या मामानं फेटा काढून हवेत फिरवला तेव्हा. क्रेटेक्स नि श्रेयसच्या ‘तांबडी चामडी’चं तसंच. मराठी बोल आणि खाली विलायती क्लबचा हाउसचा ठेका. पुतण्या मला याला एम-हाउस म्हणतात वगैरे समजावत होता, तोवर प्याडवाल्यानं तो ठेका काढून, त्याला थोडा ढोल लावून, शिरजगावपर्यंत पोचवलाही होता.

आणि मग पुतण्याला दुर्बुद्धी सुचली. शिरजगाव कसब्याला त्याच्या मित्राचं लग्न होतं. संदल ठरलेलं. हा कॅसिओवाल्याकडे गेला आणि म्हणाला, ओबामावालं वाजवाल का? कॅसिओवाल्यानं हेडफोन एकाच कानाला लावला, दुसरा कान जनरेटरवर. डोळे मिटून गाणं पूर्ण ऐकलं. अख्खं गाणं असं ऐकून घेणारा माणूस मी गावात दुसरा पाहिला नाही.

‘गानं चांगलं हाये भाऊ. पन मुखडा कोठी हाये ह्याच्यात?’

‘मुखडा असा नाहीये. ते हळूहळू जातं.’

‘हळूहळू वरात जाते. गानं नाही.’

तरी त्यानं नाही म्हटलं नाही. वरात मारुतीच्या देवळापाशी आली, तिथं रस्ता रुंद आहे म्हणून नाच रंगतो. त्यानं आवाज बदलून बीनचा केला, वेग दुप्पट केला, आणि त्या मंद, दुःखी, इंग्रजी गाण्यातली नेमकी एक ओळ चिमट्यानं उचलावी तशी उचलली. पहिल्यांदा कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा प्याडवाला आत शिरला. तिसऱ्यांदा नवरदेवाचे दोन मेहुणे जमिनीवर नाग होऊन पडले होते आणि तिसरा रुमालाची पुंगी करून त्यांना उठवत होता. पुतण्या स्तब्ध. त्याच्या डोळ्यांपुढे दिल्लीचा तो हळवा पोरगा असणार. मग त्यानं हळूच मोबाइल काढला आणि व्हिडिओ घेतला. घेता घेता त्याचा खांदा हलायला लागला, हे मी पाहिलं, तो नाकबूल करतो.

तो व्हिडिओ त्यानं टाकला. पुण्याच्या मित्रांनी काय म्हटलं ते त्यानं मला सांगितलं नाही. पण खाली संपर्कासाठी कॅसिओवाल्याचा नंबर टाकायचा, तर यानं घाईत स्वतःचाच टाकला. आता तो कंपनीच्या मीटिंगमध्ये बसलेला असतो आणि फोन वाजतो. परवा दुकानात बसून त्यानं असाच एक घेतला, स्पीकरवर.

‘संदल शिरजगाववालं होय काय? अचलपूरले याचं आहे, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. किती घेता?’

‘काका, मी संदलवाला नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे.’

‘ते राहू द्या, ते तुमी पाहा. ओबामावालं वाजवसान ना पन?’

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली. त्यानं तारीख लिहून घेतली.